चार बोटं

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनसमागे, वडिलांच्या ग्रीसच्या गाळ्यात
मी आता युरिया विकते.
शेतातला नव्हे, ट्रकच्या धुराला धुणारा.
निळ्या झाकणाच्या बादल्या, वीस लिटरच्या,
आणि पिंपातून सुटा, ज्याच्या त्याच्या कॅनमध्ये.

आमच्याकडे थंडी म्हणजे जानेवारीतले चार दिवस.
वजनकाट्यावरचा घाग माकडटोपी घालतो,
चहावाला आलं वाढवतो आणि दरही.
माझी सगळी भांडणं उन्हाशी.
मे महिन्यात पत्रा तापला की या पाण्याचं आयुष्य घटतं,
म्हणून पिंपं मागच्या भिंतीला, सावलीत,
दाराला हिरवी जाळी,
आणि झाकणाभोवती जमलेला पांढरा खर
रोज सकाळी फडक्याने पुसायचा.
वडील त्याला मीठ म्हणायचे.
चाखूनही पाहिलं असावं त्यांनी.

स्टिकरवर अगदी तळाला एक ओळ होती:
उणे अकराला गोठते.
वडाळ्यात उणे असतं ते उधारीच्या वहीत.
मी ती ओळ कधी वाचलीच नाही.

मग डिसेंबरात दामू घडशी कारगिलचं भाडं घेऊन निघाला.
बारा चाकं, पंपांचे सुटे भाग.
संगमेश्वरचा माणूस; बर्फ त्याने पाहिलेला
तो ससून डॉकवर, सुरमईच्या अंगावर.
मी त्याचा कॅन काठोकाठ भरला.
फेस वर आला, तो बसू दिला,
आणि पुन्हा थोडं ओतलं.
लांब जातोय, म्हटलं, कमी पडायला नको.

आठव्या रात्री कुठल्याशा ढाबेवाल्याच्या फोनवरून:
"हेमांगीताई, तुझं पाणी दगड झालंय.
टाकीतलंही, कॅनमधलंही.
इम्तियाज विचारतो, उकळतं पाणी ओतू का?
शेजारच्या गाडीवाला म्हणतो, रमचा पव्वा ओत, सुटेल."

मी पंख्याखाली. चष्मा सापडेना.
बादली दिव्याकडे फिरवून, मान मागे घेऊन वाचत होते:
काही ओतू नकोस. पाणी नको, रम नको.
प्रमाण बिघडलं की गाडीच रुसेल.
रम तुम्ही प्या. नाही, तुम्हीही नका पिऊ, पुढे घाट आहे.
तू नुसती गाडी सुरू कर.
ती याच्यासाठी अडून बसत नाही.
इंजिनचं गरम पाणी टाकीतून फिरतं,
तेच विरघळवील, त्याच्या वेळेने.
कॅन केबिनमध्ये घे, पायाशी.
विरघळलं की पहिल्यासारखंच असतं, वाया जात नाही.

"नक्की?"
असं लिहिलंय, मी म्हटलं.

स्टार्टर बराच वेळ खोकला. मग इंजिन.
मग तो बोललाच नाही,
फोन बाहेर धरून नुसतं इंजिन ऐकवत राहिला,
आणि मी इकडे घाम पुसत उभी,
दोन हजार किलोमीटर वरचं काहीतरी वितळताना.

फेब्रुवारीत कॅन परत आला.
बूड फुगलेलं. जमिनीवर ठेवला की डुलतो.
एका कडेला केसाएवढी चीर.
गोठताना ते वाढतं, शंभराला सात;
वर जागा नसेल तर खालून करून घेतं.
"काठोकाठ होता गं," दामू म्हणाला,
आणि हिशेबाची चिठ्ठी पुढे केली.
तक्रार होती का, ते कळलं नाही.

आता मी चार बोटं कमी भरते.
गिऱ्हाईक भांडतं: आम्ही भिवंडीला चाललोय बाई,
भिवंडीला काय बर्फ पडतो?
नाही पडत.
मी कॅन काट्यावर ठेवते, चार बोटांचे पैसे वळते करते,
आणि तरी वर भरत नाही.

डुलणारा कॅन गल्ल्याजवळ आहे.
गाळ्यातलं मांजर त्यावर बसायला बघतं,
दरवेळी घसरतं,
आणि माझ्याकडेच रागाने पाहतं.